यांचं लिव्हर आणि माझे सोमवार

देवापुढच्या वाती वळायला बसलं की एकेक वात मोजली जात नाही. बोटं आपली फिरत असतात, तोंड आपलं चालू असतं, आणि उठताना बघावं तर डबा भरलेला! दवाखान्यातल्या बाकावरच्या गोष्टींचं तसंच आहे. पोटाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. त्यावर मी गेली दोन वर्षं अधूनमधून बसते. माझ्या मांडीवर कापूस, यांच्या मांडीवर फाइल. फाइल जाड होत गेली, तसे किस्सेही साचत गेले.

बाकावरची आमची मंडळी म्हणजे गहू न सोसणारी माणसं. गव्हाचा कण पोटात गेला की आतडं बिघडतं, आणि आमच्यातल्या काहींचं तर लिव्हरही. या दुखण्याला सिलिॲक म्हणतात. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, हा शब्द आजही म्हणता येत नाही. त्या गल्लीत सांगतात, "माझ्या लेकाला शिलेक्ट झालंय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्या वहिनी पेढे मागायला आल्या होत्या.

*

आमचे हे हायस्कूलात चित्रकला शिकवतात. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. चेहरा फिका, दम लागायचा, वजन उतरत चाललेलं, म्हणून रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे असावेत त्याच्या तिप्पट!

लिव्हर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट येते. शाळेतले सहकारी यांच्याशी जरा जपून बोलू लागले. एकानं व्यसनमुक्तीच्या व्याख्यानाचं कार्ड गुपचूप यांच्या रंगपेटीत ठेवलं. यांनी ते फळ्यावर लावलं, मुलांना उपयोगी पडेल म्हणून.

मग नेसरीहून यांचे चुलते बघायला आले. तात्या म्हातारे, पण आवाज खणखणीत. चहा झाल्यावर त्यांनी मला पाणी आणायला आत पाठवलं आणि पुतण्याला जवळ बसवून विचारलं, किती घेतोस? यांनी सांगितलं, कधीच नाही. तात्यांनी देवघराकडं बोट करून शपथ घ्यायला लावली. यांनी घेतली.

मी पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा तात्या आपल्या टोपीकडं बघत म्हणत होते, "न घेताबी बिघडतंय व्हय? मग आमी कशापायी सोडली?"

*

आत्ती गडहिंग्लजकडच्या. तिकडं एक बाई कावीळ उतरवते असं त्यांनी ऐकलं होतं. यांचे डोळे काही पिवळे नव्हते, पण लिव्हर म्हणजे कावीळच, असं आत्तींचं ठरलेलं. एस.टी.नं तिघं गेलो. बाईनं यांचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळं झालं. आत्तींनी माझ्याकडं विजयानं बघितलं. मला वाटतं, आदल्या दिवशी यांनी वर्गात सूर्यास्त रंगवून घेतला होता त्याचा तो रंग असावा, पण मी बोलले नाही.

बाईनं पथ्य सांगितलं. तेल बंद, तूप बंद, भात बंद, भाकरी जड म्हणून बंद. एकवीस दिवस फक्त गव्हाची लापशी आणि कोरडे फुलके. "गहू लई थंड अन् हलका. लिव्हराला दुसरं काय बी नगं."

मी एकवीस दिवस मन लावून लापशी केली. बाविसाव्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. आकडे दुप्पट झाले होते.

*

त्यानंतर आम्ही या डॉक्टरीणबाईंकडं आलो. त्यांनी दारूचं नावच काढलं नाही. फाइल चाळली आणि विचारलं, चपाती किती खाता? आत्तींना हा प्रश्न घराण्याचा अपमान वाटला. त्यांनी ठसक्यात सांगितलं की आमच्या घरी गव्हाला काही कमी नाही.

मग रक्ताची एक वेगळी तपासणी झाली, नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा बघितला, आणि निदान झालं. बाईंनी समजावलं ते इतकं सोपं होतं की मला पाठ झालंय. "यांच्या आतड्याचं आणि गव्हाचं भांडण आहे. आतडं सोलवटतं, मग नको नको ते रक्तातून थेट लिव्हरकडं जातं. भांडण दोघांचं, आणि मधे पडणाऱ्याला मार. गहू पूर्ण थांबवा. बहुतेकांचं लिव्हर मग आपलं आपण सावरतं."

आत्ती एवढा वेळ मान हलवत ऐकत होत्या. माझ्याकडं एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "म्हंजे दोघींच्या भांडणात माझ्या लेकाची गत हुती, तीच की."

*

बाकावर आमची पहिली ओळख झाली ती मामांशी. गडमुडशिंगीचे, साठी उलटलेली, कधीकाळी तालमीतले. चुरगळलेले कान अजून कुस्तीची साक्ष देतात. त्यांचंही आतडं आणि लिव्हर दोन्ही. नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्यांचे मामाच.

मामा पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या बाई रजेवर होत्या आणि बदलीवर एक तरुण डॉक्टर बसले होते. दार अर्धवट उघडं, त्यामुळं बाहेर सगळं ऐकू येत होतं. लिव्हरचे आकडे बघून त्या डॉक्टरांनी विचारलं, "घेता का?"

"घेतो की."

"किती?"

"सकाळी अर्धा लिटर, सांजचं अर्धा."

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मामा म्हणाले, तालमीत जायला लागल्यापासून, वडलांनीच सवय लावली. आता बाकावरचे आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. डॉक्टरांनी आवाज मऊ करून विचारलं की घरी कुणी काही म्हणत नाही का.

"म्हणत्यात की," मामा म्हणाले. "बायको म्हणती, साय काढून पीत जावा."

*

शोभाताई आणि त्यांची लेक स्नेहल नंतर आल्या. शोभाताई जैन. घरात कांदा, लसूण, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. व्रताच्या बाबतीत मी त्यांच्यापुढं बालवाडीत. स्नेहलचं लग्नाचं बघत होते, तेवढ्यात हे दुखणं कळलं, आणि यांच्यासारखेच लिव्हरचे आकडेही वर.

बाईंनी पथ्याचा कागद दिला. बटाटा, रताळं खुशाल खा असं त्यावर होतं. शोभाताईंनी कागद दोनदा वाचला आणि नम्रपणे सांगितलं, "मॅडम, तुम्हाला जे चालतं ते आम्हाला चालत नाही, आणि आम्हाला जे चालतं ते तुम्हाला चालत नाही."

बाईंनी काळजीनं स्नेहलला विचारलं, "मग तू सध्या खातेस तरी काय?"

"बोलणी," स्नेहल म्हणाली.

पुढं भात, ज्वारी, मूगडाळ असं जमवून तिचं बस्तान नीट बसलं. सहा महिन्यांत लिव्हर जाग्यावर आलं. लग्नाची माहितीपत्रिका पुन्हा काढली, तेव्हा शोभाताईंनी ती बाकावर मला वाचायला दिली. त्यात 'वर्ण गव्हाळ' होतं. शोभाताईंना वाटलं ते खोडावं, उगीच आठवण नको. स्नेहलनं कागद काढून घेतला. "राहू दे आई. एवढा एकच गहू मला पचलाय."

*

घरात गहू बंद झाला आणि मला वाटलं, यात अवघड ते काय? एकादशी, संकष्टी, श्रावणी शनिवार, माझं निम्मं वर्ष वरीच्या तांदळावर आणि राजगिऱ्यावरच जातं. उपासाचं जेवण म्हणजे यांचं पथ्यच! एवढी वर्षं माझ्यासाठी करत होते, आता यांच्या ताटातही वाढायचं.

अडचण आली ती गिरणीत. ज्वारीच्या आधी कुणाचे गहू दळलेले असले तर ते पीठ आमच्या भाकरीत येणार. गिरणीवाल्या बाळूला मी दुखण्याचं नाव सांगितलं, आतडं सांगितलं, लिव्हर सांगितलं. तो मन लावून ऐकायचा आणि गव्हावरच ज्वारी ओतायचा. शेवटी एक दिवस मी नुसतं म्हटलं, "उपासाचं दळण आहे."

बाळूनं गिरण बंद केली. जातं उघडून ब्रशनं झाडलं, पन्हाळीतलं पीठ काढलं, हात धुतले, आणि मग माझी ज्वारी घेतली. ज्वारी कुठल्या उपासाला चालते हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दर आठवड्याला तसंच चालू झालं.

तीन-चार महिन्यांनी त्यानं हळूच विचारलं, "वहिनी, उपास कुणाचा हाय?"

"सरांचा."

"सुटणार कवा?"

"सुटायचा नाही. जन्मभराचा आहे."

पुढच्या रविवारी हे स्वतः दळण आणायला गेले. बाळूनं गिरण थांबवून यांच्या पाया पडून घेतलं.

*

सहा महिन्यांत यांचे आकडे छान उतरले. अगदी जाग्यावर नाही, पण जवळ. अंगावर रंग आला, जिना चढताना थांबायचे ते थांबेनासे झाले. मला वाटलं, आता थोडक्यासाठी राहिलंय, तर औषधपाण्याला देवाची जोड द्यावी. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी मी यांच्यासाठी सोळा सोमवार धरले.

श्रावण संपून भाद्रपद लागला तरी आकडे उतरेनात. पुढच्या वेळी तर चढले. बाईंचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर दिसला. त्या म्हणाल्या, दोनच गोष्टी असू शकतात. एक, कुठून तरी गहू पोटात जातोय. दोन, लिव्हरचं स्वतःचंच वेगळं दुखणं आहे, या आजारात काहींना ते असतं. तसं असेल तर सुई घालून लिव्हरचा तुकडा काढून बघावा लागेल, आणि मग बरीच वर्षं जड औषधं. आधी घर धुंडाळा, असं त्यांनी मला सांगितलं.

मी घर धुंडाळलं. फडताळातला एकेक डबा भिंग लावून वाचला. हे चित्रं काढायला वापरतात तेच भिंग. तिसऱ्या दिवशी चोर सापडला. हिंग! डबीच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. बाजारातल्या हिंगात ते मिसळतात हे मला पन्नाशीत कळलं. आमटीत हिंग, ताकात हिंग, आणि यांचं पोट बिघडलं की वर चिमूटभर जास्त हिंग.

मी बाकावर जाहीर केलं. शोभाताईंनी घरी जाऊन डबी फेकली. मामा म्हणाले, "काय सांगतायसा वहिनी! पोट दुखतंय म्हणून मी बेंबीला लावत हुतो, ते चाललं न्हवं?"

हिंग गेला. महिन्यानं रक्त दिलं. आकडे जिथल्या तिथं.

*

त्या दिवशी बाईंनी शांतपणे सगळं पुन्हा विचारलं. बाहेरचं काही खाता? हे म्हणाले, नाही. लग्नाकार्यात? नाही. घरात दुसऱ्यांसाठी चपात्या होतात? मी म्हटलं, सगळं घरच भाकरीवर आलंय, आत्तीसुद्धा. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सुईची तारीख बघायला कॅलेंडर ओढलं.

वार सोमवार होता. संध्याकाळची पूजा करूनच आम्ही आलो होतो आणि पर्समध्ये डबी होती. मला वाटलं, तारीख घालण्याआधी बाईंच्या तोंडात देवाचं काहीतरी पडावं. मी डबी पुढं केली. "मॅडम, यांच्यासाठी सोळा सोमवार धरलेत. आजचा अकरावा. प्रसाद घ्या."

बाईंनी एका हातानं कॅलेंडर धरून दुसऱ्या हातानं घास तोंडात टाकला. छान झालाय म्हणाल्या. मग विचारलं, "कशाचा?"

"चूरमा. कणीक भाजून, तूप आणि गूळ घालून."

बाईंचं तोंड चालायचं थांबलं.

"कणीक कसली?"

"गव्हाची."

"आणि सर हे खातात?"

"दर सोमवारी," मी म्हटलं. "आधी यांना, मग आम्ही."

मला खरोखरच सुचलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, भिंग घेऊन हिंगाच्या डब्या वाचणारी बाई, आणि हे दिसलं नाही? पण प्रसादाला खाणं कोण म्हणतं? बाईंनी बाहेरचं विचारलं, घरचं विचारलं. प्रसाद या दोन्हींत बसत नाही. तो देवाचा!

बाईंनी पाणी पिऊन यांच्याकडं मोर्चा वळवला. शिकलेला माणूस, तुम्हाला तरी कळलं नाही का? हे खाली बघत होते. म्हणाले, "कळत होतं. पण ती दिवसभर उपाशी राहून करायची."

बाईंनी कॅलेंडर जाग्यावर ठेवलं. दीड महिना थांबू या, म्हणाल्या. तोवर एक कणही नको. त्यानंतर आकडे उतरले नाहीत तर सुई.

*

आता माझी पंचाईत. अकरा झालेले, पाच राहिलेले, वर उद्यापन. व्रत मोडायची माझी छाती नव्हती. चूरमा करायचा तर त्याचे वाटे ठरलेले, आणि ज्याच्यासाठी व्रत, त्याचा वाटा टाकायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. गुरुजींकडं गेले. ज्वारीच्या पिठाचा केला तर? गुरुजींनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, एकदा डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ज्वारी तब्येतीला उत्तम, पण देवाला चालते का ते गुरुजींना विचारा.

दोन्हीकडं दोनदा फिरून झाल्यावर गुरुजींनीच वाट काढली. आजारी माणसानं प्रसादाला नुसता नमस्कार केला तरी पोचतो. त्याचा वाटा मात्र दुसऱ्या कुणीतरी त्याच्या नावानं खावा. कुणी? तर त्याचं भलं व्हावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्यानं.

आत्ती लगेच पुढं सरसावल्या. पण त्यांच्या स्वतःच्या वाट्यालाच त्यांची शुगर परवानगी देत नव्हती. मामा आणि स्नेहल बिनगव्हाचे, शोभाताई दिवस मावळल्यावर खात नाहीत, शेजारच्या वहिनींचा सोमवारी कडक उपास, आणि मला माझाच वाटा. भलं चिंतणारी माणसं पुष्कळ होती, पण सोमवारी संध्याकाळी गहू खाऊ शकणारं त्यांत कुणी सापडेना.

मी हे बाईंना सांगितलं ते नुसतं सांगायचं म्हणून. त्या औषधाची चिठ्ठी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणा माझ्याकडं."

*

मग पाच सोमवार मी शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच भांड्यात चूरमा केला आणि दिवेलागणीला यांचा वाटा दवाखान्यात नेला. बाईंना स्वतःला गोड कमी करायचं होतं. त्या डबीतला चूरमा कसाबसा संपवायच्या, प्रत्येक वेळी म्हणायच्या, काकू, पुढच्या सोमवारी वाटा जरा लहान करा. मी करत नसे. वाटा तो वाटा.

उद्यापनाच्या सोमवारी यांच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. लॅबमधून पाकीट घेतलं, पण यांनी ते उघडलं नाही आणि मीही नाही. बाकावर मामा होते. त्यांनी आम्हाला बघून सरकून जागा दिली.

आत गेलो. यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, मी शेजारी डबा ठेवला. उद्यापनाचा म्हणून डबा जरा मोठा होता. बाईंनी दोन्हींकडं बघितलं. मग उठून कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले आणि पाकिटाला हात न लावता आधी यांचा वाटा खाल्ला. उभ्यानं, सावकाश, सगळा. पुन्हा हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि पाकीट फोडलं.

कागद वरून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वरून वाचला. जुना कागद फाइलमधून काढून शेजारी धरला. हे छताकडं बघत होते. माझा जप कुठल्या मण्यावर होता, मला आठवत नाही.

बाईंनी दोन्ही कागद फाइलमध्ये घातले, फाइल बंद केली आणि चष्मा काढला.

"काकू," त्या म्हणाल्या, "डब्यात अजून आहे का हो थोडा?"